कुंपणाची उंची

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, गावातली काही मंडळी हल्ली वृक्षप्रेमी म्हणतात. मला हसू येतं. दादानं अर्धं आयुष्य झाडं तोडण्यात घालवलं. मेंढरं राखणाऱ्या माणसाच्या खांद्यावर आकडी असते. लांब काठीच्या टोकाला बांधलेला विळा. बाभळ दिसली की ती आपोआप वर जाते. फांदी खाली येते, मेंढरं तुटून पडतात आणि बाभळीचा मालक शिव्या देत बांधावरून पळत येतो. दादानं या शिव्या नगरापासून घाटमाथ्यापर्यंत सगळ्या चालींत ऐकल्या आहेत. लहानपणी सुट्टीत मी एकदाच त्याच्याबरोबर रानात गेलो. मालक आला तेव्हा मेंढरं पुढे पळाली, त्यांच्यामागे दादा पळाला, आणि मी मालकाच्या हातात सापडलो. त्यानंतर वडिलांनी ठरवलं की या पोराला शाळाच बरी. शाळेचं मत कुणी विचारलं नाही.

पाय थकले तसं दादानं भटकणं सोडलं आणि राजुरीच्या शिवारात आमच्या वस्तीवर कायमचा राहायला आला. वहिनी तोवर गेली होती, एकुलती लेक लग्न होऊन सासरी गेली होती. राहिलं काय, तर तो आणि थोडकी मेंढरं. घरात मी आणि माझी बायको. घरापुढे अंगण, अंगणापुढे कच्चा रस्ता, रस्त्यापलीकडे शेजाऱ्यांचा ऊस. आता मेंढराला समोर ऊस दिसल्यावर ते कुणाच्या बापाचं ऐकतं? रोजची भांडणं नकोत म्हणून दादानं अंगणाच्या कडेनं कुंपण लावलं. त्यात प्रेमबीम काही नव्हतं. कुकडीच्या काठावरून निरगुडीच्या काड्या आणल्या, कुठल्याशा देवळामागचा अडुळसा आणला, मेंदी आणली. घाणेरी न बोलावता आली. मधे पाखरांनी कडुनिंब टाकले, तेही वाढले. बघता बघता ते कुंपण दीड पुरुष उंच झालं आणि इतकं दाट, की रस्त्यानं कोण गेलं हे आम्हाला फक्त खोकल्यावरून कळायचं.

दादा माझ्या बायकोशी थेट बोलत नसे. धाकट्या भावाची बायको म्हणजे मान राखायचा, ही त्याची पद्धत. चहा हवा असला की मेंढराच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "आज चहाचं काय दिसत न्हाई बुवा." बायकोही कमी नव्हती. ती आतून म्हणायची, "मेंढरांना सांगा, दूध फाटलंय." असा त्यांचा वर्षानुवर्षांचा संवाद.

मग टेकडीला खडीची मशीन आली. दगड फोडायचा आणि त्याची खडी करायची. मशीन आमच्यापासून तशी लांब, पण तिथून मोठ्या रस्त्याला लागणारे डंपर सगळे आमच्या दारावरून. दिवसभर. एक डंपर गेला की रस्त्याचं पीठ वर उडायचं आणि ते खाली बसायच्या आत दुसरा यायचा. दादाला दमा आधीपासून होता, थंडीवाऱ्यात फिरणाऱ्यांना असतो तसा. आता तो पायरीपायरीनं चढू लागला. मंचरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, तोंडात ओढायचा पंप दिला आणि म्हणाले, "बाबा, धुळीपासून लांब राहा."

दादा म्हणाला, "मी लांबच राहतो, डॉक्टर. तीच आमच्या दाराशी राह्यला आलीय."

पण एक गंमत माझ्या लक्षात आली होती. रस्त्यावर उभं राहिलं की दात करकर वाजायचे, अंगणात आलं की तेवढे वाजत नसत. मी बारावी सायन्सला दोनदा बसलेला माणूस. विज्ञानावर माझा जीव, विज्ञानाचा माझ्यावर नाही. ठरवलं, प्रयोग करायचा. पांढरं कापड ओलं करून कुंपणाच्या दोन्ही अंगांना टांगायचं आणि कुठलं किती मळतं ते बघायचं. घरात शोधता शोधता एक पांढरंशुभ्र धोतर सापडलं. मधोमध फाडलं. अर्धं रस्त्याकडे, अर्धं अंगणाकडे. अधूनमधून पाणी शिंपडत राहिलो, जसं काही रोपच लावलंय.

दिवस मावळायला दादा मेंढरं घेऊन परत आला. रस्त्याकडचं अर्धं बघून थांबला.

"हे काय, पोतेरं वाळत घातलंय?"

"दादा, आधी आत ये, आतलं बघ."

आतलं बघितलं. काठ बघितला. काठावरून त्याला ओळख पटली.

"बारक्या, हे माझ्या लेकीच्या लग्नातल्या आहेराचं धोतर हाय."

"होतं," मी म्हणालो.

मारायला त्याच्या हातात आकडी होती, पण त्यानं मारलं नाही. तो दोन्ही तुकडे हातात घेऊन बसला. बाहेरचं मातकट, चिखलाच्या पोपड्या धरलेलं. आतलं थोडं पिवळट, पण धुऊन एखाद्याच्या लग्नाला नेसता आलं असतं. दादानं उठून निरगुडीचं एक पान तोडलं, उलटं केलं आणि बोटानं पुसलं. निरगुडीच्या पानाला खालून बारीक लव असते. त्या लवेत धूळ रुतून बसली होती. अडुळशाच्या रुंद पानांवर तर इतका थर, की त्यावर बोटानं नाव लिहावं. दादानं बोट धोतराला पुसलं. मग म्हणाला, "म्हंजी आपल्या वाटणीची धूळ ही खाती."

त्या दिवसापासून तो कुंपणाशी माणसासारखा वागायला लागला. आधी मेंढरांना त्याचा पाला टाकायचा, तो बंद. वाळकी फांदी काढायची तर हलक्या हातानं. कुठं विरळ दिसलं की तिथं काडी खोचायची आणि तांब्यानं पाणी घालायचं. बाज कुंपणाच्या आतल्या अंगाला, अगदी सावलीत, आणि त्यावर दादा. तिथं त्याला पंप कमी लागायचा. हे मी मोजलेलं नाही. बायकोनं मला सांगितलं, आणि ती खोटं बोलत नाही, निदान त्याच्याबाबतीत.

पावसाळ्यात कुंपण आपोआप धुऊन निघायचं. अडचण उन्हाळ्यात. पानं इतकी भरायची की नवी धूळ धरायला जागा राहायची नाही, आणि वारा आला की धरलेलीच परत अंगणात सांडायची. दादा म्हणाला, पाला धुवायला पाहिजे. तो बादली आणि मग घेऊन कामाला लागला. दीड पुरुष उंचीचं कुंपण मगानं धुवायचं म्हणजे हत्तीला चमच्यानं अंघोळ. मला दया आली. माझी दया आजवर कुणाला लाभलेली नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

एका मित्राचा द्राक्षाचा बाग आहे. त्याच्याकडे ट्रॅक्टरला जोडायचा ब्लोअर होता. मोठा पंखा असतो, त्यासमोर औषधाचं पाणी सुटतं आणि वाऱ्याच्या जोरानं पानापानावर जातं. मी म्हटलं, औषधाऐवजी नुसतं पाणी. ट्रॅक्टर रस्त्यावर लावला, पंख्याचं तोंड कुंपणाकडे केलं. अंगणात बायकोच्या कुरडया वाळत होत्या आणि दादा बाजेवर बसून माझं कौतुक बघत होता. मी पंखा चालू केला. पाण्याचा कॉक उघडायचा विसरलो.

पुढचं काय सांगू! सगळ्या उन्हाळ्याची धूळ त्या पंख्यानं एका दमात कुंपणातून काढली आणि आमच्या अंगणात ओतली. घर दिसेना. मला वाटलं, एवढा धूर म्हणजे इंजिन पेटलं, म्हणून धूर उडवायला मी पंखा आणखी जोरात केला. थांबवलं तेव्हा कुरडया खडीच्या झाल्या होत्या आणि दादा बाजेवर दोन्ही हात टेकून तोंड उघडून बसला होता. श्वास आत जातोय पण बाहेर येत नाही, असा. पंप दिला, पुन्हा दिला. छातीत शिट्टी वाजत होती. बायको पाठ चोळत होती. बऱ्याच वेळानं त्याला बोलता आलं, तेव्हा तो थेट तिच्याकडे बघून म्हणाला, "पाणी दे गं बाई."

संध्याकाळी बायको मला म्हणाली, "तुमच्या भावानं माझ्याशी पहिल्यांदा बोलावं म्हणून एवढं करायची गरज नव्हती."

मी हसलो, तीही हसली. पण त्या दिवशी आम्ही दोघांनीही बघितलं होतं, की कुंपणानं रोज किती अडवून धरलेलं असतं आणि त्यातलं थोडं सुटलं तर दादाचं काय होतं.

नंतर मी पाण्याच्या मोटारीला नळी लावून, खालच्या आवाजात, शहाण्यासारखं कुंपण धूत राहिलो. समोरचा ऊसही मदतीला होता. उंच झाला की रस्त्यापलीकडची ती दुसरी भिंतच. दोन भिंतींमध्ये डंपर, आणि आत आम्ही. असा थोडा काळ बरा गेला.

मग ऊस तुटला. ऊसतोडीची टोळी आली, फड मोकळा झाला, मालकानं पाचट पेटवून दिलं. त्या धुरानं दादा दोन दिवस घरात. धूर सरला तसं समोर नुसतं काळं रान, आणि त्या रानात जो राहत होता तो बेघर. आमच्याकडे बिबट्याचं घर म्हणजे ऊस. तिथंच जन्मतो, तिथंच वाढतो, त्याच्या आईनंही डोंगर बघितलेला नसतो. ऊस गेल्यावर त्यानं आजूबाजूला दाट, थंड, आडोशाची जागा शोधली. ती रस्ता ओलांडला की होतीच.

आधी आमचं कुत्रं गेलं. आम्हाला वाटलं, फिरायला गेलं असेल, त्याला सवय होती. मग एक मेंढी गेली, ती मात्र फिरायला गेली नव्हती. ओढत नेल्याची खूण कुंपणातल्या भगदाडापर्यंत होती. वनखात्याचे लोक आले. भले लोक होते, चहा घेतला, ठसे बघितले, कुंपणाशी एक कॅमेरा बांधला. पिंजऱ्याची मागणी पाठवतो म्हणाले. जाताना त्यांतला एक जण म्हणाला, "बाबा, घराभोवती एवढी झाडी ठेवू नका. दिवसा इथंच पडून राहतंय ते."

दादा म्हणाला, "सायेब, ही झाडी काढली तर मी पडून राहीन."

त्यांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. धूळ, दमा, धोतर, सगळं. ते मान हलवत ऐकत राहिले आणि म्हणाले, "तेबी खरंय. पन आमी काय सांगनार?"

कुंपण वाचवायचं तर बिबट्याला नको वाटलं पाहिजे. उजेडाला तो बिचकतो असं मी कुठंतरी ऐकलं होतं. राजुरीत मांडववाल्याकडून लग्नाच्या लायटिंगच्या माळा आणल्या आणि कुंपणभर सोडल्या. लाल, हिरव्या, निळ्या, लुकलुकणाऱ्या. दिवस मावळला की आमची वस्ती दोन मैलांवरून दिसायची. तिसऱ्या दिवशी बाजारात किराणावाला तोंड फिरवून बसला. म्हटलं, काय झालं?

"काय व्हायचंय? लग्न करता, लायटिंग करता, आन् आमाला पत्रिका न्हाई."

"अहो, लग्न नाही, बिबट्या आहे."

"बिबट्याला एवढी लायटिंग?" आणि त्यानं मला जोखून बघितलं.

कॅमेऱ्यातले फोटो बघायला वनखात्याचा माणूस आला. एक फोटो त्यानं मला मोबाइलवर दाखवला. निरगुडीच्या बुडाशी पंजावर हनुवटी ठेवून तो निवांत पडला होता. अंगावर लाल ठिपका, हिरवा ठिपका. "भाऊ, पावणं आरामात हायेत," तो म्हणाला. "वाढपी तेवढा धाडायचा राह्यला."

आम्ही खूप हसलो. दादासुद्धा हसला आणि हसता हसता खोकला. त्यानंतर या कुंपणावरून मी हसल्याचं मला आठवत नाही.

मागच्या वस्तीवरची शेजारीण वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन तिन्हीसांजेला रस्त्यानं येत होती. आमच्या कुंपणापाशी आली आणि बिबट्या तिच्यासमोरून, अगदी हातभर अंतरावरून, झेप घेऊन गेला. तिला काही केलं नाही. पण ती भाऱ्यासकट पडली आणि हात मोडला. दोन दिवसांनी हाताला प्लास्टर घालून ती आमच्या अंगणात आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं.

ती बाजेजवळ खाली बसली आणि दादाला म्हणाली, "भाऊ, तुमचा दमा मी बघतीय. तुमाला हे कुंपन काढा म्हनायला माझी जीभ रेटत न्हाई."

"मग?" दादा म्हणाला.

"पन माझ्या दोन्ही पोरी हितनंच साळंला जात्यात. उद्या काय झालं तर मी कुनाचं नाव घेऊ?"

तिनं पदरानं तोंड पुसलं, चहा घेतला आणि गेली. मी घाईघाईनं बोलू लागलो. पिंजरा येईल, ऊस पुन्हा वाढेल, बिबट्या परत उसात जाईल, मुलींना मी स्वतः शाळेत सोडतो. बायकोही आतून म्हणाली, थोडं थांबू या. दादानं सगळं ऐकून घेतलं.

"जुन्नरच्या चाचाला बोलव," तो म्हणाला. "कटरवाल्या."

"दादा, तुझं काय होईल, याचा विचार केलास का?"

"केला. पोरी ल्हान हायेत. मी न्हाई." मग थोडा दम घेऊन म्हणाला, "बारक्या, जल्मभर लोकांची झाडं न इचारता तोडली. आज माझी मी तोडतोय तर तू का आडवा येतो?"

चाचा जुन्नरहून लाकडं कापायची मशीन घेऊन आले. वखारीचा त्यांचा जुना धंदा. पहिल्या निरगुडीला पातं लावलं आणि पांढरा लोट उठला. त्यांनी मशीन बंद केली, तोंडावर रुमाल बांधला. "या अल्ला! हे झाड हाय का सिमेंटची गोनी? पातं जातंय माझं." मी दादाला मागच्या खोलीत बसवून दार लावून घेतलं होतं, फटीत ओलं पोतं कोंबलं होतं. मशीनचा आवाज थांबला की आतून त्याचा खोकला ऐकू यायचा. चाचांनाही यायचा. शेवटी ते खिडकीपाशी गेले. "भाईजान, हे कडुलिंब ठेवतो. त्याच्या बुडात काय लपत न्हाई. ठेवू ना?"

"ठिवा," आतून आवाज आला.

संध्याकाळी अंगणातून पार टेकडीपर्यंत दिसायला लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्हाला डंपरवाले दिसले. त्यांनाही आम्ही. एकानं तर हात केला.

बिबट्या पुन्हा आला नाही. शेजारणीच्या मुली रस्त्यानं गाणी म्हणत जाऊ लागल्या. आणि धूळ सरळ घरात आली. ताटात, अंथरुणात, पिण्याच्या पाण्यावर साय धरावी तशी. मी रोपवाटिकेत असतं तसलं हिरवं शेडनेट आणून बांबूंना बांधलं. जोराचा वारा आला आणि ते बांबूंसकट उडून एका डंपरच्या काचेवर बसलं. ड्रायव्हरनं खाली उतरून मला जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याचं बरोबर होतं. तो थोडक्यात वाचला.

दादाला मागच्या खोलीतच ठेवावं लागलं. ज्या माणसानं आयुष्यात छपराखाली झोपणं शिक्षा मानली, पावसातसुद्धा घोंगडीची खोळ करून उघड्यावर पडला, त्याला मी एका खोलीत कोंडलं. खिडकीला बायकोची जुनी लुगडी लावली. वाफ द्यायचं मशीन आणलं. ते घुर्र करायचं आणि दादा नळी तोंडावर धरून भिंतीकडे बघत बसायचा. बाहेर मेंढरं ओरडायची. त्याला प्रत्येकीचा आवाज ओळखू यायचा. "काळीला पानी पाजलं न्हाई तुमी," म्हणायचा. खरंच पाजलेलं नसायचं.

मी खोलीत शिरलो की विचारायचा, "वारं कुठलं हाय?"

"डोंगराकडचं, दादा. निर्मळ आहे."

तो माझ्या भुवयांकडे बघायचा. त्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. "हं," म्हणायचा, आणि पुन्हा नळी तोंडाला लावायचा. खोटं बोलायला जाताना निदान तोंड धुवावं, एवढीही अक्कल मला कधी सुचली नाही.

त्याची लेक आली. जावई पाटबंधारे खात्यात नोकरीला, डिंभ्याच्या धरणाच्या वर, भीमाशंकरच्या रस्त्याला त्यांचं घर. चहूकडे जंगल. ती म्हणाली, "आबा, चला माझ्याकडं."

दादा उठूनच बसला. "लेकीच्या घरी राह्यचं? तुझ्या सासरी मी कधी घोटभर पानी पिलो का, सांग बरं!"

"न्हाई पिलात. आता श्वास तरी घ्या."

त्यानं नकार दिला. मग एका सकाळी असा झटका आला की आम्ही जीप बोलावून त्याला मंचरला नेलं, आणि दवाखान्यातून निघाला तो थेट लेकीकडे. घरी परतू दिलं नाही. निघायच्या आधी फोनवर त्यानं मेंढरांची व्यवस्था सांगितली. खोडदच्या बाजूला आमच्याच भाऊबंदांचा कळप बसला होता, त्यांच्यात सोडायची. मी सोडून आलो. ती मागे वळून बघतील असं मला वाटलं होतं. मेंढरं ती. पुढच्या मेंढराच्या मागे गेली.

महिन्याभरानं दादाचा फोन आला आणि मी त्याला ओळखलंच नाही. म्हटलं, कोण बोलतंय? शब्दांच्या मधली शिट्टीच नव्हती. त्या शिट्टीशिवाय माझ्या भावाचा आवाज कसा असतो हे मी विसरून गेलो होतो.

भेटायला गेलो तर दादा मला घेऊन चक्क चढ चढला. वर गर्द रान, खाली धरणाचं पाणी. मला धाप लागली, त्याला नाही. एका जांभळीपाशी थांबून म्हणाला, "पानाला बोट लाव." लावलं. बोट ओलं झालं, मळलं नाही. तो लहान पोरासारखा हसला. "पंप कुठं ठिवलाय तेबी आठवत न्हाई आता." मला किती आनंद व्हायला हवा होता! झालाही. पण रात्री जेवताना मी बघितलं, तो जावयासमोर अंग चोरून बसला होता, भाकरी मागत नव्हता, वाढली तर खात होता. आमच्याकडे तो ताट आपटायचा.

परत आल्यावर मी गुपचूप नवं कुंपण लावलं. निरगुडीच, अडुळसाच, त्याच जागी. मनाशी म्हटलं, हे वाढेल, समोर ऊसही वाढेल आणि दादाला घेऊन येऊ. बायकोला कळलं, तिनं काही विचारलं नाही, सकाळी पाणी घालू लागली. कुंपण कमरेला आलं.

दसऱ्याला दादा आला. जावयानं गाडीतून सोडलं, दुपारनंतर न्यायला येतो म्हणाला. बायकोनं दारात पाण्याचा तांब्या आणि वाटीत गूळ आणला, पाहुण्याला देतात तसा. दादानं तो घेतला. मग तिला समजलं आपण काय केलं ते, आणि ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी दादाला कुंपण दाखवायला नेलं. मला वाटलं होतं, खुश होईल. तो कुंपणाच्या कडेनं चालत गेला, परत आला. मग उकिडवा बसला आणि हातानं फांद्या बाजूला करून बुडाशी बघू लागला. मेंढरांच्या पायवाटा बघायचा, तसं. एका जागी जमिनीवर तळवा टेकवला.

"एवढ्यात त्यो मावतो," म्हणाला.

"दादा, आता इकडं येत नाही बिबट्या. आणखी दोन वर्षं वाढू दे. डोक्याएवढं झालं की धूळ अडेल. मग तू..."

"आन् शेजारनीच्या पोरी?"

समोरून डंपर गेला. धूळ त्या कुंपणावरून अशी आली, जसं काही ते तिथं नव्हतंच. दादानं उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि दुसरा हात पुढे केला. "इळा आन."

मी विळा आणला. तो उभा राहिला, एक काडी पायाला लावून धरली आणि गुडघ्याबरोबर छाटली. "याच्या वर जाऊ द्यायचं न्हाई. खालनं आरपार दिसलं पायजे."

"मग धूळ अडणार नाही, दादा."

"न्हाई अडायची," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय."

तो आणखी छाटणार होता, पण खोकला आला. विळा माझ्याकडे देऊन लिंबाखाली जाऊन बसला. जेवायची ताटं वाढली तेव्हा शिट्टी सुरू झाली होती. जावई ठरल्याच्या आधीच आला. बायकोनं पुरणपोळ्या डब्यात बांधून दिल्या. दादा गाडीत बसला, काच वर केली. काचेतून काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही, मी मान डोलावली.

पाऊस झाला की निरगुडी भराभर वर येते. मी विळा घेऊन उभा राहतो आणि गुडघा लावून कापतो. दादा माझ्यापेक्षा उंच आहे, त्याचा गुडघा वर येतो. तेवढी दोन बोटं मला ठेवता आली असती, आणि तशी लबाडी माझ्या स्वभावातही आहे. पण मी माझ्याच गुडघ्यानं कापतो. रविवारी त्याचा फोन येतो. पावसाचं विचारतो, मेंढरांचं विचारतो आणि शेवटी विचारतो, "कापलं का?"

"कापलं, दादा."

"बरं केलंस."

तेवढ्यात डंपर आला तर मी मोबाइल पोटाशी धरून घरात जातो, म्हणजे त्याला आवाज जायला नको.